पाऊल रंगवता येत नाही : न्यूफाउंडलंड बेटावरचा सोंगांचा नाताळ

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी वर्षभर आम्हांला गणित शिकवलं आणि शिमग्यात सोंगं ओळखायला शिकवलं. गणिताच्या तासाला फळ्याशी उभं राहताना आमचे पाय लटपटायचे. शिमग्याच्या रात्री मात्र तेच गुरुजी अंगणात बाकडं टाकून बसायचे. समोर गोमू नाचतेय, संकासुर कमरेच्या घुंगरांचा आवाज करत पोरांच्या मागे धावतोय, सगळे त्यांच्या तोंडांकडे बघतायत आणि गुरुजी बघतायत पायांकडे. मग हळूच शेजाऱ्याला सांगायचे, "हा खालच्या वाडीतला. तोंड रंगवता येतं रे, पाऊल रंगवता येत नाही."

आज मी तुम्हांला ज्या बेटावर नेणार आहे, तिथल्या लोकांनाही गुरुजींचं हे सूत्र नेमकं ठाऊक होतं. म्हणून नाताळच्या रात्री घराबाहेर पडताना ते उजव्या पायातला बूट डाव्या पायात घालायचे आणि डाव्यातला उजव्यात. चाल बदलली पाहिजे, नाहीतर चार पावलांत ओळखले जाऊ, ही धास्ती. कोकणापासून हजारो मैलांवर, बर्फात अर्ध्या बुडालेल्या एका गावात कुणीतरी गुरुजींच्या डोळ्यांना चुकवायचा बेत करत होतं, असं मला वाटलं. आणि यंदाचा विषय ठरला.

नाताळ म्हटलं की आपल्यापुढे वसईतल्या घरापुढचा गोठा येतो, गोव्यातला दोदोल आणि नेवऱ्या येतात, दारावर टांगलेली कागदी चांदणी येते. हा शब्दच आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाला. पण आजचा नाताळ प्रार्थनामंदिराच्या दारातला नाही, तो स्वयंपाकघराच्या दारातला आहे. त्यात चांदणीऐवजी तोंडावर ओढलेला उशीचा अभ्रा आहे.

बेट आणि त्याचे बारा दिवस

न्यूफाउंडलंड हे कॅनडाच्या पूर्वेला, अटलांटिक महासागरातलं बेट. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. किनारा असा की नकाशा काढताना हात थरथरल्यासारखा वाटावा. जिकडे तिकडे खाड्या, सुळके आणि आडोसे. १४९७ मध्ये जॉन कॅबट या भागात येऊन गेला आणि इथल्या कॉड माशाची कीर्ती युरोपभर पसरली. मग इंग्लंडच्या डॉर्सेट, डेव्हनकडचे आणि आयर्लंडच्या वॉटरफर्डकडचे लोक दर उन्हाळ्यात मासेमारीला येऊ लागले, पुढे इथेच राहू लागले. त्यांच्या आधी तिथे बिओथक लोक राहत होते. नव्या वस्तीनं त्यांचा किनारा व्यापला, उपासमार आणि रोगराई वाढली, आणि त्यांच्यातली शेवटची ज्ञात स्त्री, शॉनाडिथिट, १८२९ मध्ये सेंट जॉन्स शहरात वारली. आज आपण 'परका' या शब्दाभोवती बरंच फिरणार आहोत. या बेटावर तो शब्द आधी कुणाला लागू होत होता, तेवढं ध्यानात असू द्या.

जिथे होडी लागेल तिथे चार घरं, असं करत किनाऱ्याला छोटी छोटी गावं झाली. त्यांना तिथे 'आउटपोर्ट' म्हणतात. पंधरा-वीस घरं, दोन-तीन आडनावं, एक प्रार्थनामंदिर. शेजारच्या गावाला जायचं तर बहुतेक ठिकाणी रस्ता नाही, होडीच. उन्हाळाभर सगळं घर कामाला जुंपलेलं. पुरुषांनी कॉड धरून आणायचा, बायकापोरांनी तो चिरायचा, खारवायचा आणि लाकडी मांडवांवर वाळवायचा. आपल्याकडे बोंबील वाळताना पाहिलेत ना, तसाच जीव त्यात अडकलेला. पावसाचा थेंब आला की सगळं गाव धावत सुटणार.

आणि एवढं करून हातात रोकड येत नसे. वसंतात व्यापाऱ्यानं जाळी, मीठ, पीठ, चहा उधार द्यायचा. शरदात सगळा मासा त्याच्या वखारीत जायचा. भाव तो ठरवणार आणि वही तो लिहिणार. आपण म्हणतो, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यानं पिढ्यानुपिढ्या पैशाखेरीज बाकीची सगळी सोंगं आणली ती यामुळेच.

हिवाळ्यात समुद्र खवळलेला, मासेमारी बंद. वर्षभरात निवांत असे हेच दिवस, आणि त्यातही नाताळचे बारा. या बारांत कुणी जड काम काढायचं नाही.

नाताळची चाहूल तेवीस डिसेंबरला लागायची. या दिवसाला 'टिब्ज ईव्ह' म्हणतात. मुळात जुन्या इंग्रजी बोलण्यात हा कधीच न उगवणारा दिवस; आपण एखाद्या थापाड्याचे पैसे तीस फेब्रुवारीला मिळतील म्हणतो, तसा. नाताळच्या आधीचा काळ संयमाचा, त्यात दारूला हात लावायचा नाही. पण बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मंडळींनी युक्ती काढली. जो दिवस पंचांगातच नाही त्या दिवशी घोटभर घेतली तर नियम मोडला असं कोण म्हणेल? त्यांनी तो न उगवणारा दिवस चोवीस तारखेच्या अलीकडे आणून बसवला. धर्मशास्त्रातून पळवाट काढण्यात आपणच पटाईत आहोत असं समजू नये.

मग चुलीत घालायचा मोठा ओंडका यायचा. नाताळच्या जेवणाचं पुडिंग कापडात बांधून उकळत ठेवलेलं असायचं. ते भांड्यातून बाहेर काढताना कुणीतरी दारात उभं राहून बंदुकीचा बार उडवायचा. कुणाच्या घरचं पुडिंग शिजलं, ते सगळ्या खाडीला कळायचं. सव्वीस तारखेला आयरिश वस्तीतली पोरं काठीला रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याची प्रतिकृती बांधून दारोदार गात फिरायची आणि पैसा-खाऊ मागायची.

आणि त्याच रात्रीपासून सोंगं निघायची. सहा जानेवारीपर्यंत, म्हणजे ज्याला तिथे 'जुना नाताळ' म्हणतात तिथपर्यंत. इंग्लंडनं १७५२ मध्ये पंचांग बदललं, मधले अकरा दिवस गाळले. सरकारनं दिवस गाळले म्हणून लोक थोडेच गाळतात! जुनी तिथी लोकांच्या तोंडी राहून गेली. या सोंगांना तिथे 'ममर' म्हणतात, काही खाड्यांत 'जॅनी'.

एका रात्रीची गोष्ट

आता जरा त्या स्वयंपाकघरात बसू. बाहेर अंधार आणि बर्फ, आत लाकडाची चूल तापलेली, तेलाचा दिवा. घरात एवढी एकच ऊबदार खोली, त्यामुळे सगळे तिथेच. आजोबा चुलीशेजारच्या बाकावर आडवे, बाई मोजे विणतेय, पोरं जमिनीवर. आणि दारावर थाप पडते. ठक, ठक, ठक.

इथे मी तुम्हांला एक मिनिट थांबवतो. आउटपोर्टमध्ये दारावर कुणी थाप मारत नाही. शेजारी आला की कडी उघडून सरळ आत येतो, बाकावर टेकतो, वाटलं तर बोलतो, नाहीतर अर्धा तास गप्प बसून निघून जातो. आपल्या जुन्या वाड्यांतली ओसरी आठवा. थाप मारून परवानगी मागायची ती परक्यानं; पाद्रीबाबांनी, सरकारी माणसानं, वादळात सापडलेल्या खलाशानं. म्हणजे थाप पडली तेव्हाच पोरांच्या पोटात गोळा येतो. वर्षभर त्यांना धाक घातलेला असतो, की नीट वागला नाहीत तर ममर येऊन घेऊन जातील.

मग बाहेरून आवाज येतो, "सोंगं आत येऊ द्याल का?" हा आवाज माणसाचा वाटत नाही, कारण तो श्वास बाहेर सोडून काढलेलाच नाही. श्वास आत ओढत ओढत बोलायचं, अशी ही रीत. आपण बोलतो ते उच्छ्वासावर. उलटं केलं की बाईचा आवाज कुठला, बाप्याचा कुठला, म्हातारा कोण आणि पोर कोण, काही कळत नाही. घरी जाऊन करून बघा. इथे सभागृहात नको, शेजारचा घाबरेल.

घरधन्यानं हो म्हटलं की पाच-सहा जणं बर्फ झटकत आत येतात. कुणाच्या तोंडावर उशीचा अभ्रा, त्याला डोळ्यांपुरती भोकं. कुणाच्या तोंडावर खिडकीचा जाळीदार पडदा. एका धिप्पाड गड्यानं आईचा झगा चढवलाय आणि छातीशी उश्या कोंबल्यात. एका बाईनं नवऱ्याचे मासेमारीचे मेणकापडी कपडे घातलेत, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पाठीवर उशीचंच कुबड. सगळ्यांच्या हातांत मोजे, कारण या गावात माणूस हातावरूनही ओळखतात. कुणाचं बोट गळानं कापलेलं, कुणाच्या मनगटावर मिठाच्या पाण्यानं उठलेले फोड. बूट, अर्थात, उलटसुलट.

आता परीक्षा घरच्यांची. "चाल बघू. नाच बघू." सोंग नाचतं. पेटी-फिडल असेल तर ठीक, नसेल तर कुणीतरी तोंडानंच ताल धरतं. घरची बाई उठून एका सोंगाचं कुबड चाचपते, दुसऱ्याच्या पोटात बोट खुपसते, तिसऱ्याला चिमटा काढते. एरवी ज्या दिराच्या वाऱ्याला ती उभी राहत नाही, त्याला आत्ता ती ढोसून बघतेय, कारण तो आत्ता दीर नाही, कुणीच नाही. सोंगांनाही तेवढीच मोकळीक. ती मोठ्यांच्या मांडीवर बसतात, आजोबांची टोपी पळवतात. आणि सगळा वेळ तो आत ओढलेला, घोगरा आवाज.

"तू वरच्या घरातला!" "नाही." "मग तू तिची बहीण!" आणि एकदाचं नाव बरोबर निघतं. निघालं की सोंगानं तोंडावरचा पडदा वर करायचा. त्यात लबाडी चालत नाही, हा खेळाचा कडक नियम. पडदा वर झाला की सगळं बदलतं. आवाज साधा होतो, घामेजलेला चेहरा हसतो, आणि हातात फळांच्या केकचा तुकडा येतो, सोबत पोरांना सरबत आणि मोठ्यांना रमचा पेला. जो कुबड्या भूत होता तो आता शेजारी झालाय, चुलीशी बसून कॉडच्या भावाबद्दल कुरकुरतोय. थोड्या वेळानं पडदे पुन्हा खाली, आणि मंडळी पुढच्या घराकडे. ज्याला एकाही घरी कुणी ओळखलं नाही, त्याची फुशारकी उन्हाळ्यापर्यंत चालायची.

हे सोंग कुणाचं?

हे सगळं आपल्याला इतकं बारकाईनं कळतं, त्यामागे एक विद्यापीठ आहे आणि त्याचंही नाव 'स्मृती' असंच आहे. १ जुलै १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या बोमाँ-हामेल इथे न्यूफाउंडलंडची पलटण हल्ल्याला निघाली. सुमारे आठशे जण त्या हल्ल्यात उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीला ६८ उभे होते; बाकीचे मेलेले, जखमी किंवा बेपत्ता. अशा छोट्या बेटावर एवढी माणसं जाणं म्हणजे प्रत्येक खाडीत एक रिकामी होडी. त्या युद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून १९२५ मध्ये सेंट जॉन्समध्ये महाविद्यालय काढलं गेलं, त्याचंच पुढे मेमोरियल विद्यापीठ झालं. पुतळ्याऐवजी शाळा काढायची, ही कल्पना गुरुजींना फार आवडली असती.

या विद्यापीठात १९६२ मध्ये हर्बर्ट हालपर्ट हे लोकसाहित्याचे अमेरिकन अभ्यासक शिकवायला आले. वर्गातली बरीच पोरं आउटपोर्टमधली. हालपर्टनी त्यांच्याकडून घरच्या चालीरीती, म्हणी, गोष्टी लिहून घ्यायला सुरुवात केली. आपलं गावंढळ म्हणून लाजलेली ती पोरं लिहू लागली आणि ढीग जमला. १९६८ मध्ये तिथे लोकसाहित्याचा विभाग आणि संग्रह उभा राहिला. १९६९ मध्ये हालपर्ट आणि जॉर्ज स्टोरी यांनी न्यूफाउंडलंडमधल्या नाताळच्या सोंगांवरचा मोठा लेखसंग्रह संपादित केला.

त्यात मेल्विन फायरस्टोन यांचा एक लेख आहे. बेटाच्या उत्तरेकडच्या सॅव्हेज कोव्ह या गावात ते राहिले होते. त्यांचं म्हणणं साधारण असं, की हे सोंग परक्याचं आहे. जिथे वर्षभर तीच तीच माणसं दिसतात, तिथे परका ही जवळजवळ अमानवी गोष्ट होते. भुताच्या आणि त्याच्यामध्ये फार अंतर उरत नाही. नाताळात गाव आपल्याच माणसांना परकं करून दारात उभं करतं, थाप मारायला लावतं, त्यांना आत घेतं आणि ओळखून पुन्हा आपलं करतं. भीतीला घरी बोलावून केक खायला घालायची ही रीत. पुढे १९७६ मध्ये जेराल्ड सायडर यांनी याच सोंगांचा धागा मासेमारीतल्या कामाच्या नात्यांशी जोडला. एका होडीत कोण कुणाबरोबर बसणार, ही नाती दर वर्षी नव्यानं जुळवावी लागायची. नाताळात गाव एकमेकांकडे नव्यानं बघतं, ते त्या जुळणीच्या तोंडावर.

फायरस्टोनचं म्हणणं मला पटतं. पण शिमगा पाहिलेला माणूस म्हणून मला त्यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. आपलं सोंग नेहमी कुणाचं तरी असतं. गोमू ही गोमू असते, संकासुराची टोपी, दाढी आणि घुंगरं ठरलेली. बोहाड्यात देव, दानव, रावण आपापल्या मुखवट्यांनी येतात. बहुरूपी फौजदार होऊन आला तर त्याचा दरारा फौजदाराचाच असतो. सोंग घेणं म्हणजे आपल्याकडे रूप घेणं. एक माणूस वजा आणि एक रूप अधिक. ममर मात्र कुणाचंच रूप घेत नाही. उशीच्या अभ्र्याला नाव नसतं. जुन्या काळी संत जॉर्ज आणि तुर्की योद्धा यांच्या लढाईचं, मेलेल्याला उठवणाऱ्या वैद्याचं नाटुकलं बेटावर होत असे. तिथे पात्रं होती. पण दारोदार फिरणारा साधा ममर फक्त वजाबाकी करतो. चेहरा वजा, आवाज वजा, हात वजा, चाल वजा. आणि उरलेल्या शून्यातून गावानं माणूस शोधून काढायचा. गुरुजी असते तर म्हणाले असते, हे उदाहरण उलट्या बाजूनं सोडवायचं आहे.

म्हणूनच हा खेळ पाहुण्यासाठी नाही. गोमू पाहायला मुंबईचा पाहुणा चालतो, त्यालाही नाच आवडतो. ममर ओळखायला मात्र पिढ्यांचा शेजार लागतो. कोण डाव्या खांद्यानं झुकतो, कोण हसताना मान मागे टाकतो, हे ज्यांनी रोज पाहिलं, त्यांनाच हे गणित सुटतं.

अभ्र्याच्या आतली कुऱ्हाड

इथवर मी गोड बाजू सांगितली. पण हाच अभ्रा शहरात गेला की काय होतं? एकोणिसाव्या शतकात सेंट जॉन्समध्ये आणि मोठ्या बंदरांत सोंगं रस्त्यावर निघायची. रंगीत फिती लावलेले 'फूल', म्हणजे विदूषक, हातात फुगवलेलं जनावराचं मूत्राशय घेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला बडवायचे. लाकडी डोक्याचा घोडा असायचा, त्याच्या जबड्यात दातांऐवजी खिळे, आणि तो पोरींच्या मागे जबडा वाजवत धावायचा. तेव्हा बेटावर प्रोटेस्टंट आणि कॅथलिक, इंग्रज आणि आयरिश, व्यापारी आणि कर्जबाजारी असे ताण होते आणि निवडणुकांत ते उफाळून यायचे. ज्याचा राग काढायचा त्याला गाठायला मुखवट्याइतकी सोयीची वस्तू नाही.

२८ डिसेंबर १८६० च्या रात्री बे रॉबर्ट्स इथे मुखवटे घातलेल्या टोळक्यानं आयझॅक मर्सर या माणसावर हल्ला केला आणि त्यात त्याचा जीव गेला. पुढच्याच वर्षी, १८६१ मध्ये, वसाहतीच्या विधिमंडळानं कायदा केला. दंडाधिकाऱ्याच्या लेखी परवान्याशिवाय कुणीही सोंग घेऊन, मुखवटा घालून सार्वजनिक ठिकाणी फिरायचं नाही.

शहरातले रस्ते त्यामुळे हळूहळू शांत झाले. पण आउटपोर्टमध्ये पोलीस कुठे होते? तिथे सोंगं फिरतच राहिली. आणि खरं तर तिथे कायद्याची गरजही कमी होती, कारण तिथे सोंगाला दारात थाप मारून आत यायचं होतं आणि उजेडात उभं राहून पडदा वर करायचा होता. रस्त्यावर ओळखायचं कुणी? पडदा वर करायला लावायचं कुणी? मुखवटा दोन्हीकडे तोच होता. मधलं स्वयंपाकघर नाहीसं झालं, तशी खेळातून कुऱ्हाड निघाली.

पाण्यावरून गेलेली घरं

आउटपोर्टमधली सोंगं मग कायद्यानं नाही तर कशानं थांबली? १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं. विखुरलेल्या छोट्या गावांना शाळा, दवाखाने, रस्ते पुरवणं परवडत नाही, म्हणून लोकांनी मोठ्या केंद्रांजवळ जावं, यासाठी सरकारनं पैसे देऊ केले. १९५४ ते १९७५ या काळात सुमारे तीनशे गावं सोडली गेली, जवळपास तीस हजार माणसं हलली. त्या वेळचे फोटो आहेत. अख्खं दुमजली लाकडी घर पिंपांवर तरंगत चाललंय आणि पुढे चार-दोन होड्या ते ओढतायत. आपल्याकडे कोयनेच्या नाहीतर उजनीच्या पाण्याखाली गावं गेली. तिथे घरंच पाण्यावरून गेली.

घर पाण्यावरून नेता येतं. पण नव्या गावात शेजारच्या दाराआड जो माणूस आहे, तो तुमच्या आज्याची चाल ओळखत नाही. तिथे अभ्रा ओढून गेलात तर तो तुम्हांला खरोखरच परका समजेल आणि दार लावून घेईल. दूरचित्रवाणी आली, वीज आली, दारांना कुलपं आली. मग २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारनं उत्तरेकडच्या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. मोठ्या यांत्रिक जहाजांनी उपसून उपसून समुद्र रिता झाला होता. तीस हजारांच्या आसपास लोकांचं काम एका झटक्यात गेलं आणि तरुण मंडळी पश्चिमेकडे कामाला निघाली. मूळ प्रश्न आता सोंग कोण घेणार हा राहिला नाही. दाराआड ओळखायला कोण बसलंय, हा झाला.

आणि तरीही सोंगं परत आली. आधी कलेतून आली. वेस्लीव्हिल गावात वाढलेले चित्रकार डेव्हिड ब्लॅकवुड यांनी आपल्या मुद्राचित्रांत ममर पुन्हा पुन्हा आणले. निळ्याकाळ्या बर्फाळ रात्रीतली ती कपड्यांत गुंडाळलेली माणसं एकदा पाहिली की विसरत नाहीत. १९८०च्या दशकात सिमानी या जोडीचं ममरांवरचं गाणं बेटभर वाजू लागलं आणि ज्या घरांत वीस वर्षं सोंग आलं नव्हतं तिथेही दरवर्षी डिसेंबरात ते ऐकू येऊ लागलं. २००९ पासून सेंट जॉन्समध्ये ममरांचा महोत्सव भरतो, मिरवणूक निघते. त्याआधी कार्यशाळा होतात, तिथे लोक खिळ्यांच्या दातांचे घोडे करायला शिकतात. ज्या शहरात परवान्याशिवाय मुखवटा घालणं गुन्हा होता, त्याच शहराच्या रस्त्यांवरून आज उशीचे अभ्रे, पडदे आणि उलटे बूट राजरोस चालतात.

या मिरवणुकीला मी नाक मुरडणार नाही. आपलं नमन-खेळं रंगमंचावर आलं, स्पर्धांत उतरलं, तेव्हाही काही जण नाराज झाले होते. पण त्यामुळेच पुष्कळ पोरांना पदं तरी पाठ झाली. टिकवणारे आपल्या बुद्धीनं आणि कुवतीनं टिकवतात. फक्त एक फरक नोंदवून ठेवतो. मिरवणुकीत कुणी कुणाला ओळखायचा प्रयत्न करत नाही. सोंगं शेकडो, बघे शेकडो, सगळे खूश, सगळे फोटो काढतायत. शेवटी जो तो आपला पडदा आपणच वर करतो. जुन्या स्वयंपाकघरात न ओळखलं जाणं म्हणजे डाव जिंकणं होतं, कारण समोर जीव तोडून ओळखणारं कुणीतरी होतं. समोर ते कुणीच नसेल, तर न ओळखलं जाणं म्हणजे काय?

ही गोष्ट फक्त त्या बेटाची नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. शिमग्याला आजही मुंबईहून गाड्या भरून गावी जातात, पालखी नाचते, घरं उघडली जातात. पण ज्यांना पावलं वाचता येत होती ती माणसं ओसरीवर कमी होत चाललीयत. सोंग घेणारे मिळतात. आता ओळखणाऱ्यांची चिंता करायला हवी.

गुरुजींची एक आठवण सांगतो आणि थांबतो. मी नववीत होतो. त्या वर्षी गोमू मी झालो होतो. मोठ्या बहिणीचं लुगडं, काकूच्या बांगड्या, तोंडाला पावडर, ओठांना रंग. पोरांतही मला कुणी ओळखलं नव्हतं. गुरुजींच्या अंगणात आलो आणि त्यांची नजर नेहमीसारखी खाली गेली. डाव्या पायाच्या अंगठ्याला लहानपणी कोयता लागलेला, तो जरा वाकडा पडतो. त्यांनी तो पाहिला, हे मला कळलं. आता नाव येणार म्हणून मी घाबरलो. ते काहीच बोलले नाहीत. शेजाऱ्यानं विचारलं, "कोण हो ही, गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "नाही बुवा कळत. नाचू दे अजून."

मला अंगणात दुप्पट वेळ नाचायला मिळालं. दुसऱ्या दिवशी शाळेत हजेरी घेताना माझं नाव आलं, तेव्हा वही खाली न ठेवता ते एवढंच म्हणाले, "गोमू, पाय सरळ टाक."

सेंट जॉन्सच्या त्या संग्रहात हजारो पानं आहेत. त्यांत कुठेतरी, ओळखलेलं असूनही गप्प राहिलेल्या एखाद्या म्हातारीची नोंद नक्की असणार, असं मी धरून चाललो आहे.